रॉडवर वजन चढवण्याआधी: सोलापुरातल्या पोरांनो, या चुका टाळा

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की आमच्या पत्र्याच्या जिममध्ये आठवडाभरात पंधरा-वीस नवे चेहरे दिसायला लागतात. कुणी बार्शीकडून येऊन खोली घेऊन राहिलेला, कुणी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करून थेट आलेला. पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच. "सर, दोन महिन्यांत होईल ना?" होतं. पण त्यातले तीन आठवडे दुखणं काढण्यात गेले तर होत नाही. बारा वर्षं त्याच चुका बघतोय आणि तेच तेच सांगतोय, म्हणून आज एकदा लिहून काढतो.

पहिल्याच दिवशी पाचशे बैठका

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, कारण ती माझ्या डोळ्यांसमोर झाली आणि मी ती वेळेत थांबवली नाही.

काही वर्षांपूर्वीचा मे महिना. पारा ४२ च्या पुढे, संध्याकाळी सहालासुद्धा पत्रा तापलेला. मोहोळकडचा एकोणीस वर्षांचा मुलगा, अंगानं काटक, पहिलाच दिवस. त्याचे चुलते गावच्या तालमीत पाचशे बैठका मारायचे, हे तो लहानपणापासून ऐकत आलेला. दाराजवळ त्यानं दहा खडे मांडले. पन्नास बैठका झाल्या की एक खडा पलीकडे. मी दुसऱ्या पोराच्या बेंचवर हात लावून उभा होतो. सहावा खडा सरकला तेव्हा मी ओरडलो, "बस कर रे आता." तो म्हणाला, "काय होत नाही सर, सवय आहे." सवय नव्हती. मी बेंचकडे वळलो आणि त्यानं दहाही खडे पूर्ण केले. बाजूची पोरं टाळ्या वाजवत होती.

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या खोलीतल्या मित्राचा फोन आला. "सर, ह्याला खाली बसताच येईना, आणि लघवी कोऱ्या चहासारखी होतीय." मी गेलो तेव्हा मांड्या दगडासारख्या फुगलेल्या. मित्रानं मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणून दोनदा दिलेली. रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. पाच दिवस सलाईन. किडनी वाचली. ग्राउंड, म्हणजे भरतीची मैदानी चाचणी, मात्र हुकलं.

असं का होतं ते नीट समजून घ्या. स्नायूला ज्या कामाची ओळख नाही ते एकदम शेकडो वेळा करून घेतलं, त्यातही खाली जाताना वजन पेलण्याचं काम, तर स्नायूचे तंतू फुटतात. त्यांच्यातलं मायोग्लोबिन नावाचं प्रोटीन रक्तात उतरतं आणि ते गाळताना किडनीवर ताण येतो. लघवीचा रंग त्यामुळेच काळपट होतो. अंगात पाणी कमी आणि वर सोलापूरचं ऊन असेल तर धोका वाढतो. अशा वेळी दुखण्याच्या गोळ्या घेणं आणखी वाईट, कारण त्यातल्या बऱ्याच गोळ्या किडनीवरच भार टाकतात.

व्यायामानंतर अंग दुखतंच. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ते जास्त दुखतं आणि मग ओसरतं, त्याला घाबरू नका. पण सूज आली, गुडघा वाकेना, हातपाय लुळे वाटायला लागले किंवा लघवी गडद झाली, तर तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा आणि किती बैठका मारल्या तो आकडा त्यांना खरा सांगा.

आता माझ्याकडे नव्या पोराला पहिल्या दिवशी १५ बैठकांचे ३ सेट, बस. त्याला अपमान वाटतो, मला चालतं. दोन दिवस सोडून पुन्हा ३ सेट, मग आठवड्याला एक सेट वाढतो. स्नायूची एक चांगली गोष्ट आहे. थोड्याशा कामानं जरी त्याला एकदा ओळख झाली, तरी पुढच्या वेळी तेच काम त्याला फार कमी बाधतं. त्या ओळखीसाठी फक्त दोन आठवडे मागतो मी. चुलत्यांच्या पाचशे बैठकांमागे दहा वर्षांची तालीम होती, हे कुणी सांगत नाही.

रॉड किती किलोचा आहे?

विचारलं की उत्तर येतं, "वीसचा." कुणी मोजलाय? ऑलिम्पिक मापाचा पुरुषांचा रॉड २० किलोचा आणि बायकांचा १५ किलोचा असतो, हे खरं. पण आपल्याकडे लहान जिममधले निम्मे रॉड लेथवर बनवून घेतलेले असतात. मी आमच्याकडचे चार रॉड एकदा ओळखीच्या भुसार व्यापाऱ्याच्या काट्यावर नेऊन ठेवले. एक १९ भरला, दोन १५ च्या आसपास, आणि ज्याला सगळे 'मोठा रॉड' म्हणायचे तो साडेतेरा. म्हणजे एक पोरगा सोमवारी एका रॉडवर स्क्वॉट (खांद्यावर रॉड घेऊन बैठक) करून शुक्रवारी दुसरा उचलायचा आणि "सर, ताकद कमी झाली" म्हणून तोंड पाडून बसायचा. ताकद तेवढीच होती, रॉड बदलला होता. आता प्रत्येक रॉडच्या टोकाला ऑइलपेंटनं वजन लिहिलंय. प्लेटासुद्धा काट्यावर घाला. १० ची म्हणून विकलेली प्लेट नऊची निघते.

डेडलिफ्टमध्ये, म्हणजे रॉड जमिनीवरून उचलताना, दुसरी एक फसगत आहे. मोठ्या प्लेटचा व्यास ४५० मिलिमीटर असतो, त्यामुळे रॉड जमिनीपासून साडेबावीस सेंटिमीटरवर राहतो. आपल्याकडच्या १० किलोच्या लोखंडी प्लेटा छोट्या. त्या लावल्या की रॉड पार घोट्याजवळ येतो आणि तिथून उचलताना चांगल्या चांगल्यांची कंबर गोल होते. मग पोरगं म्हणतं, मला डेडलिफ्ट सोसत नाही. सोसतं रे. दोन्ही बाजूंना प्लेटांखाली लाकडाचे ठोकळे ठेव, रॉड नडगीच्या मध्याच्या जरा खाली येऊ दे, मग बघ. आमच्याकडे जुन्या मागाच्या लाकडाचे चार ठोकळे आहेत, त्यांना कुणी हलवलं तर मी चिडतो.

आणि उचलताना हिसका मारू नका. रॉड पावलाच्या मध्यावर, नडगीला जवळजवळ चिकटलेला. पोटात श्वास भरा, हात ताणून रॉडमधली ढील काढा, प्लेटेत 'टक्' असा आवाज येईल. त्या आवाजानंतर पायांनी जमीन खाली ढकला. ढुंगण आधी वर जाऊन पाठ मागे राहत असेल, तर एकतर वजन जास्त आहे किंवा सुरुवातीला तुम्ही फार खाली बसताय. १० किलो उतरवा आणि पुन्हा बघा.

तालमीतली टाच

सोलापुरात तालमीची पोरं भरपूर, आणि त्यांच्या मांड्यांचा मला हेवा वाटतो. पण बैठक मारताना टाच उचलते, भार चवड्यावर येतो, हात झुलतात. बैठकेत ते बरोबरच आहे. तीच सवय घेऊन तो रॉडखाली जातो, टाच सुटते, रॉड पुढे झुकतो आणि सगळा भार गुडघ्यावर आणि कमरेवर. माझी रीत अशी: रिकामा रॉड, अनवाणी पाय, अंगठा-करंगळी-टाच तिन्ही जमिनीला टेकलेले. खाली जाऊन मनात "एक, दोन" मोजायचं आणि मग उठायचं. असं तीन आठवडे. घोटाच वाकत नसेल तर टाचेखाली अडीचची प्लेट ठेवा, त्यात कमीपणा काही नाही. पळायचे मऊ तळव्याचे बूट मात्र रॉडखाली नकोत, ते गादीवर उभं राहून ओझं उचलल्यासारखं होतं.

दर शनिवारी मॅक्स

शनिवारी गर्दी जमते, मोबाइल निघतात, "आज शंभर मारतो." मॅक्स, म्हणजे एकदाच उचलता येईल तेवढं जास्तीत जास्त वजन, मारणं ही परीक्षा झाली, अभ्यास नव्हे. दर आठवड्याला परीक्षा देणारा अभ्यास कधी करणार? अंदाज हवाच असेल तर साधं गणित आहे. उचललेलं वजन गुणिले (१ + रेप भागिले ३०). रेप म्हणजे सलग किती वेळा उचललं. ८० किलोच्या स्वच्छ ५ रेप निघाल्या तर मॅक्स ९३ च्या आसपास. झालं, आकडा मिळाला, कंबर शाबूत.

वजन वाढवायचं ते २.५ किलोनं. आठवड्यातून दोनदा वाढलं तर आठ आठवड्यांत ४० किलो होतात, पण घाई करणाऱ्याला २.५ हा आकडा दिसतच नाही. नवख्याला सुरुवातीला दर वेळी वाढवता येतं. पुढे ते थांबतं, खांदे-हाताच्या व्यायामात तर लवकरच थांबतं. तिथे मी १.२५ च्या जोडीपेक्षाही लहान, अर्ध्या किलोच्या कड्या वापरतो. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून करून घेतल्यात आणि पिशवीत माझ्याजवळच असतात. स्नायू महिन्याभरात जोर दाखवायला लागतो, स्नायूला हाडाशी जोडणारे स्नायूबंध मात्र सावकाश घट्ट होतात. कोपर आणि गुडघे कुरकुरायला लागतात ते याच फरकामुळे.

एकाच वजनावर तीन वेळा अडलात तर १० टक्के उतरवा आणि पुन्हा चढत या. वही ठेवा. मोबाइलमध्ये नको, कागदाची वही. तारीख, रॉड कोणता, वजन, रेप, आणि रात्री झोप किती झाली. "बहुतेक साठ मारलं होतं" असं सांगणाऱ्याला मी पुढचं वजन सांगत नाही.

एका ओळीतल्या

बेंचवर एकटे असाल तर रॉडला लॉक लावू नका. अडकलात तर एका बाजूला कलून प्लेटा पाडता आल्या पाहिजेत. अंगठा रॉडभोवती घ्या, त्याशिवायची पकड एकदा निसटली तर रॉड थेट छातीवर.

पट्टा कमरेला आधार देत नाही. पोट फुगवून ढकलायला त्याची भिंत होते. श्वास धरता येत नसेल तर पट्ट्याचे पैसे वाचवा. रक्तदाब असेल तर श्वास धरून जड वजन मारण्याआधी डॉक्टरांना विचारा.

जड सेटच्या आधी एकेक मिनिट ताणून धरणारं स्ट्रेचिंग नको, जोर थोडा उतरतो. रिकामा रॉड, मग निम्मं वजन, मग कामाचं.

रात्रपाळीवरून आलात तर आधी झोपा. ही सूट नाही, व्यायामाचाच भाग आहे.

डबा आणि सुई

पहिला पगार झाला की तीन हजारांचा प्रोटीनचा डबा येतो, आणि तोच मुलगा सकाळी चहा-खारीवर पळायला जातो. ७० किलोच्या माणसाला जड व्यायामात दिवसाला साधारण ११० ग्रॅम प्रोटीन पुरतं. अर्धा लिटर दुधात १६ ग्रॅम, चार अंड्यांत २४, पन्नास ग्रॅम शेंगदाण्यांत बारा-तेरा. ज्वारीची कडक भाकरी, घट्ट डाळ आणि शेंगाचटणी जेवणारं घर आधीच निम्म्या वाटेवर असतं. कमी पडेल तेवढंच डब्यातून घ्या. हार्मोनच्या सुईबद्दल मला विचारायलाही येऊ नका. बाहेरून हार्मोन घेतलं की शरीर स्वतःचं बनवणं बंद करतं, आणि बंद केल्यावर ते कधी पूर्ववत होईल याची खात्री कुणीच देत नाही. असे दोन मुलगे मी बघितलेत, दोघंही पंचविशीच्या आतले.

उन्हाळ्यात सकाळी साडेपाचला या. उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, तोवर सेट कमी ठेवा. व्यायामाआधी आणि नंतर काट्यावर उभे राहा. एक किलो उतरलं म्हणजे सुमारे लिटरभर घाम गेला. तो भरायला नुसतं पाणी नको, मीठ घातलेलं ताक बरं.

ग्राउंडच्या शेवटच्या आठवड्यात

१६०० मीटर (मुलींना ८००), १०० मीटर आणि गोळा. शेवटच्या आठवड्यात यातल्या कशासाठीही नवी ताकद येत नाही, असलेली फक्त थकते. जड स्क्वॉट आणि डेडलिफ्ट मी सात दिवस आधी थांबवतो. एरवीसुद्धा पळण्याच्या आदल्या दिवशी पायांचं जड काम ठेवत नाही. सकाळी पळा, त्याच दिवशी संध्याकाळी पाय मारा, दुसरा दिवस मोकळा. शेवटच्या आठवड्यात दोन हलकी पळणी, चार-पाच छोटे स्प्रिंट, आणि गोळ्याच्या रोज सहा-सात फेकी. मुलांसाठी ७.२६ किलोचा आणि मुलींसाठी ४ किलोचाच गोळा घ्या, हलक्यावर सराव करून हात फसतो. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालू नका. आदल्या रात्री पोरं "सर, एकदा शेवटचं पळून बघू का?" म्हणून फोन करतात. नाही. झोप.