वेळेआधी जन्मलेलं बाळ घरी नेताय? या चुका टाळा

एनआयसीयूतून, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागातून, सुट्टी झाली की घरच्यांना वाटतं, सुटलो एकदाचे. फॉलोअपच्या ओपीडीत मी रोज पाहते, खरी भानगड तिथूनच सुरू होते.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे डोळ्यांची तपासणी पुढे ढकलणं. बाळ गरोदरपणाच्या ३४ आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा २ किलोच्या आतलं असेल, तर जन्मापासून ३० दिवसांच्या आत डोळ्याचा आतला पडदा तपासायचाच; २८ आठवड्यांच्या आतलं असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पोटात पुऱ्या वाढलेल्या नसतात. बाहेर, ऑक्सिजनवर, त्या वेड्यावाकड्या फुटतात आणि पडदा ओढतात. यालाच आरओपी म्हणतात. बाहेरून डोळा अगदी स्वच्छ दिसतो, तिथंच लोक फसतात.

काटोलकडचं एक जोडपं होतं. बाळ ३० आठवड्यांचं, कार्डावर तारीख लाल पेनानं लिहिलेली. नेमकं त्याच आठवड्यात बारसं निघालं. आजी म्हणाली, "टकाटका पाह्यते तं, काऊन नेता उन्हातान्हाचं?" आले ते तीन महिन्यांनी, पोर दिव्याकडे बघत नाही म्हणून. बाहुलीत पांढरट झाक आली होती. लेझरच्या उपचाराची वेळ केव्हाच निघून गेलेली. बाप कार्ड उलटंपालटं करत म्हणाला, "तारीख तं होती जी सिस्टर." तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी मी बापाच्या मोबाइलात माझ्यासमोर अलार्म लावून घेते. बारसं तपासणीनंतर करा, असं तोंडावर सांगते. राग आला तर येऊ द्या. आणि एकदा 'ठीक आहे' म्हटलं म्हणजे संपलं नाही. पडदा पूर्ण वाढेपर्यंत बोलावतील तेव्हा यायचं.

वयाचा हिशेब दुसरा. दहा आठवडे आधी आलेलं बाळ सहा महिन्यांचं झालं तरी वाढीच्या हिशेबानं पावणेचार महिन्यांचंच. शेजारणीचं बसतं आणि आपलं नाही म्हणून रडू नका. दोन वर्षांपर्यंत असंच मोजायचं. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच, त्यात वजाबाकी नाही.

पण हाच हिशेब पुढे करून वाट बघत बसणारेही आहेतच. लंगोट बदलताना पाय कात्रीसारखे आवळतात, मुठी उघडत नाहीत, वर्षाच्या आतच एकच हात चालतो. "डावखुरा होईल," म्हणून कौतुक चालतं! अहो, दुसऱ्या हातात जोर नाही त्याच्या. अशा वेळी मालिशवाल्या बाईवर महिने घालवू नका, फिजिओथेरपी लवकर सुरू करा.

ओवा-लसणाची धुरी, उदबत्ती, घरातली बिडी: या फुफ्फुसांना यातलं काहीही नको. काजळ, गुटी नको. लोहाचे थेंब शी काळी होते म्हणून मनानं बंद करू नका. टाळी वाजवून कान तपासला म्हणू नका, बेरा (ऐकण्याची मशीनवरची तपासणी) करा. आत्यानं वॉकर आणला असेल तर दुकानात परत द्या.