व्हीपीएन टनेलसाठी राऊट बदलणारी स्क्रिप्ट लिहिताय? या चुका टाळा

स्क्रिप्टमध्ये दोनच ओळी होत्या. जुना डिफॉल्ट राऊट (वेगळा मार्ग नसलेली सगळी पॅकेटं ज्या वाटेने बाहेर जातात ती) काढ, नवा व्हीपीएनच्या टनेलमधून लाव. लिनक्स सर्व्हर दुसऱ्या शहरात, मी एसएसएचने (दूरच्या मशीनवर कमांड द्यायची सोय) आत. एंटर दाबलं आणि कर्सर जागीच थिजला. मग तिथल्या माणसाला फोन, त्याने किल्ली शोधणं, मशीन बंद करून चालू करणं... संध्याकाळ त्यातच गेली.

त्या दिवसानंतर अशा बऱ्याच स्क्रिप्ट लिहिल्या, त्याहून जास्त दुसऱ्यांच्या दुरुस्त केल्या. चुका फिरून फिरून त्याच दिसतात. राउटिंग टेबलवर (कुठलं पॅकेट कुठून जायचं याची लिनक्सच्या गाभ्यातली, म्हणजे कर्नेलची, यादी) आपला एकट्याचाच हात आहे असं धरून आपण लिहितो. प्रत्यक्षात पत्ते वाटणारं डीएचसीपी, जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर, कंटेनर चालवणारं डॉकर आणि खुद्द व्हीपीएनचा प्रोग्राम, सगळेच त्यात लिहीत असतात.

(root आणि route मराठीत दोन्ही 'रूट' होतात, म्हणून इथे मार्गाला 'राऊट' म्हणतोय. कमांडही उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, टर्मिनलवर त्या नेहमीसारख्या रोमन अक्षरांत द्यायच्या.)

टनेल स्वतःच्याच पोटात शिरतो

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात जास्त होणारी चूक. तुम्ही सगळी वाहतूक टनेलकडे वळवता. पण एन्क्रिप्ट झालेलं पॅकेटही शेवटी एक पॅकेटच असतं, त्यालाही व्हीपीएन सर्व्हरपर्यंत खऱ्या नेटवर्क कार्डातून जावं लागतं. ते टनेलकडे वळलं की पुन्हा एन्क्रिप्ट व्हायला आत जातं आणि गोल गोल फिरतं. ओपनव्हीपीएन या व्हीपीएन प्रोग्रामच्या लॉगमध्ये 'रिकर्सिव्ह राउटिंग डिटेक्टेड' दिसलं की समजायचं, हेच झालंय.

यावर ओपनव्हीपीएनचा उपाय असा: आधी व्हीपीएन सर्व्हरच्या एकट्या पत्त्यासाठी जुन्या गेटवेमधून (बाहेर नेणाऱ्या राउटरमधून) /३२ राऊट टाकायचा. मग मूळ डिफॉल्टला हात न लावता ०.०.०.०/१ आणि १२८.०.०.०/१ असे दोन अर्धे राऊट टनेलमधून टाकायचे. दोघे मिळून सगळा पत्ताविस्तार व्यापतात, आणि डिफॉल्टच्या /० पेक्षा /१ जास्त नेमका असल्यामुळे कर्नेल त्यांनाच निवडतो. टनेल पडला की त्याच्यावरचे राऊट कर्नेल आपोआप काढतो आणि खालचा जुना डिफॉल्ट जसाच्या तसा पुढे येतो. 'रीडायरेक्ट-गेटवे डेफ१' हा पर्याय हेच करतो. माझ्या दोन ओळींच्या स्क्रिप्टला एवढं सुचलं असतं तर तो फोन करावा लागला नसता.

पण या उपायातही एक खोच आहे. तो /३२ राऊट टनेलवर नसतो, वायफायवर असतो. टनेल गेला तरी तो मागे राहू शकतो. लॅपटॉप घरून निघाला, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर आला, आणि सर्व्हरचा राऊट अजून घरच्या १९२.१६८.१.१ कडेच बोट दाखवतोय, असं होतं. इंटरनेट चालतं, फक्त व्हीपीएन जोडला जात नाही. लोक पासवर्ड तपासत बसतात.

गेटवेचा पत्ता स्क्रिप्टमध्ये हाताने लिहून ठेवला असेल तर हे हमखास होणार. पत्ता त्या त्या वेळी विचारून घ्या. ओपनव्हीपीएन तो 'राऊट_नेट_गेटवे' या व्हेरिएबलमध्ये स्क्रिप्टला देतोच.

वायरगार्डची पद्धत वेगळी आहे, तिच्याशी भांडू नका

वायरगार्ड हे दुसरं व्हीपीएन २०२० साली लिनक्स कर्नेल ५.६ मध्ये आलं. त्याची डब्ल्यूजी-क्विक ही स्क्रिप्ट कॉन्फिगमध्ये ०.०.०.०/० (म्हणजे सगळे पत्ते) दिसलं की वेगळाच मार्ग धरते. वायरगार्डमधून बाहेर पडणाऱ्या एन्क्रिप्टेड पॅकेटांवर ५१८२० अशी खूण मारते (हेक्समध्ये ०xca६c अशी दिसणारी संख्या तीच), त्याच क्रमांकाचं वेगळं राउटिंग टेबल करते, आणि दोन नियम घालते. एक: मुख्य टेबल बघ, पण त्यातला डिफॉल्ट सोडून. दोन: ज्यावर खूण नाही ते सगळं टेबल ५१८२० कडे. परिणाम असा की घरचा प्रिंटर सापडत राहतो, उरलेली वाहतूक टनेलमध्ये जाते, आणि खूण असलेलं पॅकेट मुख्य टेबलच्या डिफॉल्टने बाहेर पडतं. सर्व्हरसाठी /३२ राऊट लागतच नाही, त्यामुळे वायफाय बदललं तरी काही बिघडत नाही.

मला ही रचना मनापासून आवडते. पण ती माहीत नसली की तपासणी फसते. 'आयपी राऊट शो' फक्त मुख्य टेबल दाखवतं. तिथे टनेल दिसला नाही म्हणून लोक हाताने डिफॉल्ट टाकतात आणि चालतं टनेल मोडतात. आधी 'आयपी रूल' बघा, मग 'आयपी राऊट शो टेबल ऑल'. दुसरी फसगत: सर्व्हरचा पत्ता 'आयपी राऊट गेट'ला दिला की उत्तर टनेलचंच येतं, कारण तुमच्या प्रश्नावर खूण नसते. शेवटी 'मार्क ५१८२०' जोडून विचारा, मग खरं उत्तर मिळतं.

राऊट स्वतःच टाकायचे असतील तर कॉन्फिगमध्ये 'टेबल = ऑफ' लिहा आणि सगळं पोस्टअपमध्ये घ्या. अर्धं डब्ल्यूजी-क्विकचं, अर्धं आपलं असा संसार टिकत नाही.

आणखी एक. वायरगार्डमध्ये 'अलाउड-आयपीज' ही नुसती राऊटची यादी नाही. कोणत्या पत्त्याचं पॅकेट कोणत्या पीअरच्या (टनेलच्या दुसऱ्या टोकाच्या मशीनच्या) किल्लीने एन्क्रिप्ट करायचं, हे तीच ठरवते. स्क्रिप्टने १०.२०.०.०/१६ चा राऊट टनेलवर टाकला, पण तो पट्टा कुठल्याच पीअरच्या यादीत नाही, तर पिंग 'रिक्वायर्ड की नॉट अव्हेलेबल' असं म्हणतो. किल्ली हरवलेली नसते, यादी अपुरी असते. उलट, दोन पीअरना ०.०.०.०/० दिलं तर शेवटी लिहिलेल्याला ते मिळतं आणि पहिल्याकडून मुकाट्याने काढून घेतलं जातं.

'ॲड'च्या जागी 'रिप्लेस'

'आयपी राऊट ॲड' दुसऱ्यांदा चालवलं की 'फाइल एक्झिस्ट्स' अशी तक्रार येते. स्क्रिप्टच्या डोक्यावर 'सेट -ई' असेल तर ती तिथेच थांबते आणि पुढचे राऊट अर्धवट राहतात. टनेल पुन्हा जोडला जाणं ही रोजची गोष्ट आहे, त्यामुळे स्क्रिप्ट कितीही वेळा चालवली तरी चालली पाहिजे. 'रिप्लेस' वापरा.

काढताना मात्र पूर्ण नाव घेऊन काढा: कुठला पट्टा, कुठल्या गेटवेतून, कुठल्या कार्डावरचा. नुसतं 'आयपी राऊट डेल डिफॉल्ट' म्हटलं आणि वायर, वायफाय असे दोन डिफॉल्ट असले, तर जो आधी सापडेल तो जातो. तो बहुधा कामाचाच असतो.

चुकीच्या वेळी चालणारी स्क्रिप्ट

ओपनव्हीपीएनमध्ये 'अप' या पर्यायाला दिलेली स्क्रिप्ट टनेलचं कार्ड उघडल्यावर चालते, 'राऊट-अप'ची राऊट टाकून झाल्यावर. राऊटमध्ये फेरफार करायचा तर 'राऊट-अप' वापरा. 'डाउन' चालतं तेव्हा कार्ड बंद झालेलं असतं. आवराआवर आधी करायची तर 'राऊट-प्री-डाउन' आहे. 'युजर नोबडी' (कमी अधिकारांचा युजर) लावलं असेल तर 'डाउन' स्क्रिप्टही नोबडीच्याच अधिकाराने चालते, आणि नोबडीला राऊट काढता येत नाही. 'स्क्रिप्ट-सिक्युरिटी २' विसरलात तर मुळात काहीच चालणार नाही.

नेटवर्कमॅनेजरच्या डिस्पॅचर फोल्डरमधल्या स्क्रिप्टची मालकी रूट युजरकडे हवी, ती चालवण्याजोगी हवी आणि इतरांना लिहिता येता कामा नये. नाहीतर तो तिला चालवतच नाही. तिथे वायरगार्ड जोडलं की 'व्हीपीएन-अप' येत नाही, साधं 'अप' येतं, कारण नेटवर्कमॅनेजरच्या लेखी ते एक नेटवर्क कार्डच आहे. या एका ओळीवर माझी आख्खी दुपार गेली होती.

सिस्टमडी-नेटवर्कडी हा नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम वापरत असाल तर त्याने न टाकलेले राऊट तो रीस्टार्टच्या वेळी साफ करू शकतो. 'मॅनेज-फॉरेन-राऊट्स' आणि त्याच्या जोडीचा नियमांचा पर्याय 'नो' करा. आणि कुठेही लिहा, 'आयपी' कमांडचा पूर्ण पाथ द्या. टर्मिनलवर चालणारी स्क्रिप्ट सर्व्हिसमधून चालत नाही, त्यात बऱ्याचदा पाथचाच घोळ असतो.

राऊट बरोबर, तरी चालत नाही

टीसीपीडंपमध्ये (पॅकेटं दाखवणारी कमांड) उत्तराचं पॅकेट येताना दिसतं, पण ॲप्लिकेशनपर्यंत पोचत नाही. अशा वेळी 'आरपी_फिल्टर' या कर्नेलच्या सेटिंगवर संशय घ्या. त्याची किंमत १ असेल तर पॅकेट ज्या कार्डाने आलं त्याच कार्डाने परतीचा राऊट आहे का हे कर्नेल बघतो, नसेल तर पॅकेट गुपचूप टाकून देतो. 'ऑल' आणि त्या कार्डाची, या दोहोंतली मोठी किंमत लागू होते. म्हणजे 'ऑल' १ असताना फक्त टनेलवर ० लिहून काही होत नाही, २ लिहा.

पिंग जातो, एसएसएच जोडलं जातं, पण मोठी यादी मागितली की अडकतं, तर एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) बघा. वायरगार्ड टनेलचा एमटीयू १४२० धरतं: १५०० मधून आयपीव्ही६ चे ४०, यूडीपीचे ८ आणि स्वतःचे ३२ बाइट वजा. घरचं फायबर पीपीपीओई या जोडणीच्या पद्धतीवर असेल तर बाहेरचा एमटीयू १४९२ असतो, मग त्याच हिशोबाने टनेल १४१२. तपासायला 'पिंग -एम डू -एस १३८४' (एम मोठ्या लिपीतला, एस लहान). मथळ्यांचे (हेडरचे) २८ बाइट धरून ते बरोबर १४१२ होतात.

घर आणि ऑफिस दोन्हीकडे १९२.१६८.१.०/२४ असेल तर तेच पत्ते दोन्हीकडे असतात, ते नुसत्या राऊटने धडपणे सुटण्यासारखं नाही. एका ठिकाणचा पट्टा बदला. तसंच ::/० चा (आयपीव्ही६च्या डिफॉल्टचा) विसर पडला की आयपीव्ही६ची वाहतूक टनेलबाहेरून उघड जात राहते, आणि आयपीव्ही४चा राऊट पाहून सगळं बंदिस्त आहे असं वाटतं.

दूरच्या मशीनवर परतीची दोरी

एसएसएचवरून राऊट बदलायचा असेल तर आधी तो परत फिरवणारा टायमर लावा. 'सिस्टमडी-रन'ला (ठरलेल्या वेळाने कमांड चालवू शकणारा प्रोग्राम) '--युनिट' ने एक नाव द्या, '--ऑन-ॲक्टिव्ह=५मिन' द्या, आणि पुढे मूळ गेटवेसकट 'आयपी राऊट रिप्लेस डिफॉल्ट' लिहा. माझ्या स्क्रिप्टसारखे मूळ राऊटच उडाले, तर पाच मिनिटांत मशीन आपणहून परत हाताशी येतं. /१ चे अर्धे राऊट किंवा वायरगार्डचे नियम घातले असतील तर मात्र डिफॉल्ट बदलून भागत नाही. टायमरने टनेलच खाली पाडला पाहिजे.

सगळं नीट चाललं, की पहिलं काम त्या नावाचा टायमर थांबवणं. ते मी एकदा विसरलो. राऊट बरोबर, टनेल बरोबर, सगळ्यांना 'झालं' म्हणून मेसेज टाकला, आणि पाचव्या मिनिटाला टायमरने इमानेइतबारे सगळं पूर्ववत केलं.