कॉमन आडनाव असेल तर घराण्याची मुळं कशी शोधायची (कोकणातल्यांसाठी)

सावंत, राणे, कदम, मोरे, पवार, जाधव यातलं आडनाव असेल तर नुसतं आडनाव घेऊन शोधायला बसू नका. कोकणात ही आडनावं गावागणिक आहेत आणि शेजारच्या गावातले सावंत तुमच्या सुतकात असतीलच असं नाही. खोत, देसाई, प्रभू, गुरव ही तर हुद्द्यावरून किंवा कामावरून पडलेली आडनावं, त्यावरून रक्ताचं नातं धरता येत नाही. शिवाय आडनाव बदलतंसुद्धा. बाबासाहेबांचं घराणं मूळचं सकपाळ, गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, आणि आडनाव पुढे गावावरून पडलं. म्हणून आडनाव जरा बाजूला ठेवा आणि गाव, वाडी, घर आणि कुळदैवत या चार गोष्टी घट्ट धरा.

सुरुवात घरातल्या म्हाताऱ्या माणसांपासून, आणि माझ्या मते पुरुषांच्या आधी आजी, आत्या, काकी यांना विचारा कारण लग्न करून आलेल्या बाईला दोन्ही घरांची नाती तोंडपाठ असतात. "आजये, आमचा मूळ घर खंयचा?" एवढं विचारून फोनचं रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि मधे मधे बोलायचं नाही. मग हळूच एकेक विचारा, आपण थोरल्या घरातले की खालच्या, शिमग्यात पालखी आपल्याकडे कोणाच्या नंतर येते, कुळदैवत कोणतं, देवक कोणतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे आपण सुतक कोणाकोणाचं धरतो. सुतक धरतात ती भावकी, बाकी नुसते आडनावबंधू. या एका प्रश्नाने वाडीतल्या पंचवीस घरांतली आपली घरं कोणती ते लगेच कळतं.

पितृपक्षात म्हाळ घालताना भटजी बाप, आजा, पणजा अशी तीन पिढ्यांची नावं घेतात, ती लिहून घ्या. भटजींच्या घरी जुन्या वह्या असतील तर त्याही बघायला मागा. सिंधुदुर्गाकडे गावरहाटी, म्हणजे देवस्थान आणि मानपानाची जुनी गावव्यवस्था, अजून चालते तिथे गावकर, मानकरी यांच्याशी बोला, कोणतं घर आधी वसलं आणि कोणाला कोणी आणून बसवलं ही माहिती त्यांच्याकडे मिळते, पण मानापमानाचे वाद असतात तिथे, त्यामुळे एकाचंच ऐकून लिहू नका.

आता कागद. सातबारा काढा, त्यावर नावांजवळ फेरफार नंबर असतात (फेरफार म्हणजे जमिनीवरचं नाव बदललं की होणारी नोंद), खरा खजिना तिथे आहे. वारस नोंदीच्या फेरफारात कोण कधी वारलं, मागे बायको, मुलगे, मुली कोण हे सगळं येतं, म्हणजे जिथे वंशावळीत फक्त पुरुष असतात तिथे बायकांची नावं सापडतात. एका फेरफारावरून त्याच्या आधीचा, त्यावरून अजून आधीचा असं मागे मागे जायचं. आपले अभिलेख या सरकारी साईटवर बरेच जुने फेरफार स्कॅन करून टाकलेत, तिथे गाव टाकून बघा, नाही मिळालं तर तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये नकलेचा अर्ज करा.

इथे कोकणातली एक अडचण नीट समजून घ्या. खोती गावात जमीन खोताच्या, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराच्या, नावावर असायची, त्यामुळे जुन्या उताऱ्यावर खातेदार म्हणून आपलं नाव दिसलं नाही म्हणजे आपण त्या गावचे नाही असं मुळीच नाही, आपली माणसं कुळ म्हणून, म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारी म्हणून, नोंदलेली असतात. खोती संपवणारा कायदा १९४९ चा, आणि कुळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन धरला जातो, त्याच्या पुढच्या वर्षांतल्या ३२ ग च्या (कुळाने कसलेली जमीन विकत घेण्याच्या कलमाच्या) केसचे कागद मिळाले तर सोडू नका, कसणारा कोण, बापाच्या आधीपासून कोण कसत होतं हे त्यातल्या जबाबात सापडू शकतं.

जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदी गाव नमुना १४ मध्ये, कोतवाल बुक म्हणतात ते. बरीचशी मोडी लिपीत आहेत त्यामुळे मोडी वाचणारं कोणीतरी गाठावं लागतं. आणि हे लक्षात ठेवा की खूप जुन्या नोंदीत आडनाव नसतंच कित्येकदा, राघो बिन भिवा असं असतं, म्हणजे भिवाचा मुलगा राघो. आजोबाचं नाव नातवाला ठेवायची पद्धत असल्यामुळे राघो आणि भिवा पुन्हा पुन्हा येतात, कुठला कुठल्या पिढीतला ते साल, बायकोचं नाव आणि सर्व्हे नंबर जुळवूनच ठरवायचं. नाव जुळलं की उडी मारायची नाही.

कुठल्या ऑफिसात काय मागायचं तेही जिल्ह्यावरून बदलतं. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, त्याआधीचा कागद रत्नागिरी जिल्ह्याच्या नावाने असतो. रायगड म्हणजे आधीचा कुलाबा जिल्हा. सावंतवाडी आणि जंजिरा ही संस्थानं १९४८ मध्ये विलीन झाली, त्या मुलखातले असाल तर त्याआधीचं दप्तर इंग्रजी मुलखाच्या दप्तरापेक्षा वेगळं, हे अर्जात लिहिलंत तर क्लार्कलाही शोधायला सोपं जातं. कागद आहे की नाही हेच कोणी सांगत नसेल तर माहिती अधिकारात दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून लेखी विचारा.

शाळेचं जनरल रजिस्टर विसरू नका, जन्मतारीख, जन्मगाव, जात सगळं एका ओळीत.

निम्मं कोकण मुंबईत, त्यामुळे निम्मा शोधही मुंबईतच करावा लागतो. आजोबा गिरणीत असतील तर तिकीट नंबर, फंडाच्या पावत्या, रेशनकार्ड जपून ठेवलेलं असतं ट्रंकेत. लालबाग परळकडे गावकरी मंडळाच्या खोल्या होत्या, एकेका खोलीत अख्खी वाडी राहायची, त्या मंडळाच्या वर्गणीच्या वह्या आणि स्मरणिका मिळवा, त्यात कोण कोणाबरोबर गावाहून आलं ते दिसतं. घरात कोणी पलटणीत असेल तर डिस्चार्जचे कागद बघा, गाव आणि वारस दोन्ही मिळतात.

नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे नामावळ असते, आपल्या घरातलं कोणी तिथे जाऊन आलं असेल तर त्याच्या नावाची नोंद मिळू शकते. तिथेही आडनाव सांगून भागत नाही, गाव आणि जात सांगावी लागते. जोशी वगैरे असाल तर गोत्र आणि मूळ गाव दोन्ही धरून कुलवृत्तांत, म्हणजे घराण्याच्या वंशावळीचं पुस्तक, छापलेला आहे का बघा. वसईकडचे ख्रिस्ती असाल तर चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या सगळ्यात आधी. पुण्याचं पेशवे दफ्तर मात्र घराण्याकडे वतन, इनाम असेल तरच गाठा, नाहीतर महिनोन्महिने जातील.

इंटरनेटवर सगळे मोरे इथून आले, सगळे कदम तिथून आले असलं जे फिरतं ते आपल्या वंशावळीत घेऊ नका, राजघराण्याला जोडून घेण्याची घाई तर अजिबात नको. प्रत्येक नावापुढे लिहा, फेरफारावरून की कोणाच्या तोंडून, दोन्हींची शाई वेगळी ठेवा. दत्तक आणि घरजावई आले की तसं स्पष्ट लिहा, लपवू नका, कारण जमीन एका घरातून दुसऱ्यात गेलेली असते आणि पुढचा शोधणारा तिथेच अडकतो.

जमलेलं सगळं मोठ्या कागदावर काढून गणपतीत गावी न्या, चाकरमानी सगळे तेव्हाच एकत्र सापडतात. खळ्यात (अंगणात) कागद पसरा आणि पेन्सिल दुसऱ्यांच्या हातात द्या. कोणी म्हणेल "हो माझो चुलत आजो न्हय" (हा माझा चुलत आजोबा नव्हे), कोणी अजून एक नाव सांगेल, सुनांची माहेरं तिथेच भरून घ्या. हयात माणसांच्या जन्मतारखा आणि नंबर त्या कागदावर नकोत, आणि त्याचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी भावकीला विचारा.