घाटातला रस्ता वळवणार असतील तर सुनावणीआधी एवढं करून ठेवा

घाटाचं अलाइनमेंट, म्हणजे रस्त्याची आखणी, बदलतंय असं कानावर आलं की लोक पहिल्यांदा जमीन किती जाणार आणि भाव काय मिळणार हेच विचारतात, साहजिक आहे, पण त्याच्याही आधी हे बघा की या कामाला पर्यावरण मंजुरी लागते तरी का, कारण जनसुनावणी होते ती त्या मंजुरीसाठीच. 2006 च्या ईआयए (पर्यावरणावर काय परिणाम होईल ते तपासायच्या) अधिसूचनेत 2013 ला बदल झाला, तेव्हापासून राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण 100 किमीच्या वर असेल आणि जादा जागा जुन्या मार्गावर 40 मीटरपेक्षा, नव्या वळणावर किंवा बायपासला 60 मीटरपेक्षा जास्त लागत असेल तरच मंजुरी लागते. आता आपला एखादा घाट असून असून किती किमीचा असणार? तेवढंच वेगळं काम दाखवलं की सुनावणी होतच नाही. उत्तराखंडात चारधाम रस्त्याचं हेच झालं, जवळपास 900 किमीचं काम 53 तुकड्यांत दाखवलं, आणि 2019 ला सुप्रीम कोर्टानं पर्यावरण अभ्यासक रवी चोप्रांची समिती नेमली तोवर डोंगर कापायला घेऊन बराच काळ झाला होता. म्हणून टेंडरचा कागद मिळवा, पॅकेज (म्हणजे कामाचा तुकडा) नंबर बघा, मागचंपुढचं पॅकेज कुठून कुठपर्यंत आहे ते एका कागदावर मांडा.

मंजुरी लागत नाही असं निघालं तरी वनजमीन जात असेल तर केंद्राच्या वन-पर्यावरण मंजुऱ्यांच्या परिवेश पोर्टलवर तो प्रस्ताव असतोच, गट नंबरसकट. तिथं एक मेख आहे, रस्ता, पाइपलाइन अशा लांबलचक कामांना केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या 2013 च्याच एका पत्रानं ग्रामसभेच्या संमतीतून बरीच सूट दिलीये. तरीही ठराव करा, तारीख आणि सह्यांसकट, कारण पुढं कोर्टात जायची वेळ आली तर हातात तोच कागद असतो. सातबाऱ्यावर खाजगी वनाचा शेरा आहे का हेही तलाठ्याकडून बघून घ्या, कोकणात हे हमखास निघतं.

सुनावणी लागली तर कमीत कमी 30 दिवस आधी पेपरात नोटीस यायला लागते. पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल कलेक्टर ऑफिस, जिल्हा परिषद, ग्रामपंचायत, प्रदूषण मंडळाचं ऑफिस इथं बघायला ठेवलेला असतो. मराठीत फक्त सारांश मिळतो आणि सारांशात सगळं गोडगोडच असतं, खरा माल इंग्रजी जाडजूड अहवालात, तो कॉलेजातल्या पोरांना प्रकरणं वाटून वाचायला द्या. पहिल्यांदा पर्यायांचं प्रकरण उघडा. तीन मार्ग दाखवलेले असतात, त्यातले दोन बहुतेकदा हरण्यासाठीच काढलेले असतात, आणि आहे तोच घाट पाणी नीट काढून, दरडींना जाळी मारून सुधारायचा पर्याय दोन ओळींत उडवलेला असतो. ते वाक्य जसंच्या तसं लिहून घ्या.

आता पाणी, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथंच घालवा. अहवालासाठी मोजमाप एका हंगामात झालं तरी चालतं आणि तो हंगाम पावसाळा सोडून असतो. सह्याद्रीत! जिथं दरडी, ओढे, बेडूक सगळं जूनला सुरू होतं तिथं मोजमाप होणार मार्चात. आपला डोंगर म्हणजे बेसॉल्टचे थरावर थर, मध्ये कुठंतरी तांबड्या मातीचा पट्टा. घाटाच्या कटिंगला कधी उभं राहून बघा, वरचा काळा दगड कोरडा असतो आणि बरोबर त्या तांबड्या रेषेवरून पाणी पाझरत असतं, कधी कधी रेषेच्या खालीच शेवाळ धरलेलं दिसतं. वाडीचा झरा बऱ्याचदा अशाच पट्ट्यावरचा असतो. बोगदा किंवा कटिंग तिथून गेलं की पाणी तिकडं पळतं, वाडीला टँकर. तर प्रत्येक झऱ्याचं मोबाईलवर लोकेशन घ्या, एप्रिल-मेमध्ये हंडा भरायला किती मिनिटं लागतात ते लिहा, फोटो तारखेसकट. मग अहवालाच्या नकाशात तो झरा आहे का ते शोधा, नसला तर तुमचा सगळ्यात जड मुद्दा तयार.

दगड-मातीचा हिशोब साधा गुणाकार आहे. तीन लेनच्या एका बोगद्याला ढोबळमानानं 100 चौरस मीटर तोंड धरलं तर एका किमीला 1 लाख घनमीटर दगड निघतो, फुटल्यावर साधारण दीडपट होतो, म्हणजे पंधरा घनमीटरच्या हायवा डंपरच्या दहा हजार फेऱ्या. टाकणार कुठं, कुठल्या गटात, खाली ओढा आहे का, आणि गावातला रस्ता कोण दुरुस्त करणार, एवढं विचारायचं. दरडीचंही तसंच, चिपळूणजवळच्या परशुराम घाटाच्या पायथ्याला पेढे गाव आहे आणि 2022 च्या उन्हाळ्यात कामासाठी तो घाट दिवसा काही तास बंद ठेवायला लागला होता, तर कटिंगच्या वर कोण राहतं आणि खाली कोण हे नकाशावर दाखवा म्हणायचं.

प्राण्यांची यादी चाळा, दुसऱ्याच जिल्ह्यातून उचललेली नावं सापडतात. शेकरू झाडावरून झाडावर जातं, त्याला रस्त्याखालचा पाइप काय कामाचा. देवराई कागदावर नसेल तर तिची लांबी-रुंदी तुम्ही मोजून द्या. जुन्या रस्त्याचं पुढं काय, एसटी कुठून जाणार, हेही विचारा.

म्हणणं लेखीच द्या, दोन प्रती, एकावर पोच. सुनावणीला कोरम, म्हणजे किमान हजेरी, लागत नाही त्यामुळे बहिष्कार टाकून काही अडत नाही, उलट आरामात उरकतं. बोलताना आपलं नाव, गाव, पान नंबर आणि एकच प्रश्न, भाषण नको. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायलाच लागतं, तोपर्यंत मंडप रिकामा झालेला असतो, तर निदान चारपाच जण थांबा, आपला मुद्दा गाळला असेल तर तिथंच उठून सांगा आणि सही व्हायच्या आधी घालून घ्या.