मोबाईल-कॉम्प्युटरमुळे मान आखडते? मग आधी स्क्रीन वर घ्या

दिवसभर लॅपटॉप आणि तो मिटला की मोबाईल, त्यामुळे संध्याकाळपर्यंत मान आखडते, खांदे भरून येतात, कधीकधी डोकं मागून ठणकायला लागतं, हे आता विशी-पंचविशीतली पोरंही सांगतात. मग बाम चोळायचा, एखादी गोळी घ्यायची आणि परत तसंच वाकून बसायचं. अशाने कसं थांबणार, ज्यामुळे दुखतंय ते तर चालूच आहे ना.

आपलं डोकं साधारण साडेचार-पाच किलोचं असतं. मान सरळ असली की ते मणक्यांवर नीट तोललं जातं, खाली घातली की मागच्या स्नायूंना ते धरून ठेवावं लागतं. 2014 मध्ये एका अमेरिकन स्पाइन सर्जनने कॉम्प्युटर मॉडेलवर हिशोब मांडला होता, मान 15 अंश झुकली तर सुमारे 12 किलोचा भार आणि 60 अंश झुकली तर 27 किलोचा. मॉडेलवरचे आकडे आहेत, अगदी तंतोतंत धरू नका, पण मान जेवढी खाली तेवढा ताण जास्त हे खरंच आहे.

म्हणून पहिलं काम, मान खाली न नेता स्क्रीन वर आणा. मोबाईल मांडीवर ठेवून बघू नका, छातीच्या वर धरा. हात दुखतो म्हणाल, तर दुसऱ्या हाताने कोपराला आधार द्या किंवा मांडीवर उशी घेऊन त्यावर कोपरं टेकवा. लांबलचक मेसेज असेल तर बोलून टाईप करा आणि फोन कानाखांद्यात दाबून बोलणं तर आजच बंद करा.

खरी अडचण लॅपटॉपची. स्क्रीन आणि कीबोर्ड एकत्र असल्यामुळे एक बरोबर उंचीवर आणलं की दुसरं चुकतं, त्यामुळे रोज चार-सहा तास काम असेल तर वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्याच, आणि लॅपटॉप स्टँडवर नाहीतर जाड पुस्तकांवर ठेवा. स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या पातळीत किंवा थोडी खाली, अंतर हातभर. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल, म्हणजे जवळचं काचेच्या खालच्या भागातून बघायचा, तर स्क्रीन अजून जरा खाली घ्या, नाहीतर हनुवटी वर करून बघत बसाल आणि मान उलट्या बाजूने दुखेल. आणि अक्षरं मोठी करा! याकडे कोणीच लक्ष देत नाही, पण अक्षर बारीक असलं की डोकं आपोआप स्क्रीनकडे सरकतं. कामात असताना कोणालातरी बाजूने तुमचा फोटो काढायला सांगा, कान खांद्याच्या रेषेत आहे की चांगला पुढे गेलाय ते लगेच दिसेल.

तरीपण कितीही ताठ बसलात आणि दोन तास हललाच नाहीत तर मान दुखणारच. अर्ध्या तासाने उठा, पाणी प्या, चार पावलं चाला, मिनिटभर पुरतं.

व्यायामात माझ्या मते सगळ्यात कामाचा हनुवटी मागे घेण्याचा. ताठ बसा, नजर समोर, आणि हनुवटी वर-खाली न करता सरळ मागे ढकला, डबल चिन दिसेल अशी, मानेच्या मागे डोक्याखाली हलका ताण जाणवला म्हणजे बरोबर चाललंय. पाच सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. बरेच जण मागे घेण्याऐवजी हनुवटी छातीकडे वाकवतात, ते नको. याच्या जोडीला दोन्ही खांदे मागे घेऊन पाठीची पाती जवळ आणायची, पाच सेकंद धरायची. आणि मान अर्धी वळवून काखेकडे बघत 20-30 सेकंद थांबायचं, दोन्ही बाजूंनी. झटके द्यायचे नाहीत, कोणाकडून मान कटकन मोडून तर अजिबात घ्यायची नाही.

झोपताना उशी एवढीच जाड की कुशीवर मान सरळ राहील. पालथं झोपणं सोडा, त्यात मान रात्रभर एका बाजूला पिळलेली राहते. गरम शेक 15-20 मिनिटं घेतला तर बरं वाटतं. मानेला बांधायची कॉलर मात्र मनाने लावू नका, जास्त दिवस वापरली तर स्नायू अजून कमजोर होतात.

साधं दुखणं असेल तर बहुतेकांना काही आठवड्यांत फरक पडतो. पण दुखणं हातात उतरत असेल, बोटांना मुंग्या येत असतील, हातातून वस्तू निसटत असतील, तर व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा. चालताना तोल जाणं, लघवीवर ताबा न राहणं, ताप आणि डोकेदुखीसोबत मान कडक होणं, पडल्यावर किंवा अपघातानंतर मान दुखणं, किंवा मान-जबडा दुखण्यासोबत छातीत दाब आणि घाम, यातलं काहीही असेल तर त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा.