गाळ्यात शिकाऊ उमेदवार घ्यायचा तर: मालकाने आणि मुलाने काय पाहावे

साकीनाका, भांडुप, कुर्ला इथल्या गाळ्यांत मुलगा हेल्पर म्हणून लागतो, मिस्त्रीच्या हाताखाली काम शिकतो. पाच वर्षांनी दुसऱ्या दारात गेला, की पुन्हा हेल्परच. हात तयार असतो, पण दाखवायला कागद नसतो. तो कागद मिळतो १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली केलेल्या करारातून.

मालकाने आधी माणसे मोजावीत. ठेकेदाराकडून आलेलीही मोजायची. बहुतेक जण इथेच चुकतात, फक्त पगारपत्रकावरची नावे धरतात. ३० किंवा जास्त माणसे असतील तर शिकाऊ घेणे सक्तीचे, ४ ते २९ असतील तर ऐच्छिक. प्रमाण एकूण माणसांच्या अडीच ते पंधरा टक्के. म्हणजे ४० जणांच्या कारखान्यात किमान १, जास्तीत जास्त ६.

मग अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर आस्थापनेची नोंदणी करून ट्रेड, म्हणजे शिकवायचा धंदा, निवडा. गाळ्यात खरोखर जे काम चालते तोच ट्रेड घ्या. ड्रिलिंग आणि टॅपिंगच चालत असेल तर 'फिटर' घेऊ नका. शेवटच्या परीक्षेत ड्रॉइंगवरून जॉब करावा लागतो, आणि वर्षभर एकाच मशीनवर उभा राहिलेला मुलगा फाइलिंगमध्येच (कानशीने घासण्याच्या कामात) अडकतो. आयटीआय झालेला मुलगा थेट कामावर घेता येतो. कोरा मुलगा घेतलात तर आधी मूलभूत प्रशिक्षण द्यावे लागते. त्याची सोय गाळ्यात नसेल तर जवळच्या आयटीआयमध्ये चौकशी करा.

करार झाला की सात दिवसांत पोर्टलवर भरायचा. मुलगा १८ च्या आतला असेल तर पालकाची सही हवी. धोकादायक कामाला मात्र १८ पूर्ण असल्याशिवाय घेताच येत नाही. "आधी महिनाभर बघू, मग करार करू" असे चालते खरे, पण तो महिना प्रशिक्षणात धरला जात नाही आणि हात कापला तर भांडण उभे राहते. शिकाऊला कामावर इजा झाली तर भरपाई मालकावरच येते.

विद्यावेतनाचा हिशेब असा. किमान दर शिक्षणानुसार ठरतो, तो पोर्टलवर पाहून घ्यावा. राष्ट्रीय शिकाऊ प्रोत्साहन योजनेत सरकार त्यातले २५ टक्के देते, पण महिन्याला १,५०० रुपयांपर्यंतच. समजा ७,००० ठरले, तर २५ टक्के होतात १,७५०, पण मिळतात १,५००. उरलेले ५,५०० मालकाचे. सरकारी वाटा थेट मुलाच्या खात्यात येतो, आणि बरेचदा गाडी इथेच अडते. आधार ज्या बँकेशी शेवटचे जोडले, तिथेच पैसे जातात. मुलाने नवे खाते दिले, पण आधार गावच्या जुन्या खात्याला जोडलेले असते. मग तो म्हणतो पैसे आले नाहीत, आणि मालकावर शंका. पहिल्याच आठवड्यात बँकेत आधार सीडिंग तपासून घ्या. आधारवरचे नाव आणि दहावीच्या गुणपत्रिकेवरचे नाव तंतोतंत जुळते का, तेही पाहा.

तुकड्यावर पैसे देणे कायद्याला मान्य नाही. उत्पादन बोनसही नाही. ओव्हरटाइम तर शिकाऊ सल्लागाराच्या (या कायद्याखालच्या सरकारी अधिकाऱ्याच्या) मंजुरीशिवाय करवूनच घेता येत नाही. ऑर्डरची घाई असली तरी.

रोजच्या नोंदवहीकडे कोणी लक्ष देत नाही, पण मुलगा काय शिकला ते तिथेच दिसते. 'मशीनवर काम केले' ही नोंद निरुपयोगी. अशी लिहा: 'एमएस पट्टी, ५० बाय ५० मिमी, दोन कडा काटकोनात फाइल केल्या, ट्राय स्क्वेअरने तपासल्या, एका कोपऱ्यात फट राहिली, पुन्हा केली.' शेजारी मिस्त्रीची सही. असे पान उलटले की पुढच्या महिन्यात काय शिकवायचे राहिले ते लगेच कळते.

"शिकवून तयार केला की उडून जातो", ही मालकांची जुनी तक्रार. हेल्पर ठेवला तरी तो उडतोच, उलट करारात मुदत बांधलेली असते. मुलामुळे करार मोडला तर प्रशिक्षणाचा खर्च वसूल करण्याची तरतूद आहे, आणि मालकामुळे मोडला तर मुलाला भरपाई. मुदत संपल्यावर नोकरी देणे मात्र सक्तीचे नाही. मुलाने हे आधीच विचारून घ्यावे.

वर्षानुवर्षे पगारावर असलेल्या कारागिराला शिकाऊ दाखवू नका. त्याच्यासाठी आरपीएल (रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग) आहे. आधीपासून येत असलेल्या कामाची तपासणी होते आणि प्रमाणपत्र मिळते. मुलांनो, फी घेऊन छापील कागद देणाऱ्या क्लासला विचारा, प्रमाणपत्र एनसीव्हीईटीच्या (व्यवसाय प्रशिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेच्या) मान्यतेचे आहे का. कोर्सचे नाव राष्ट्रीय पात्रता नोंदवहीत सापडले नाही तर पैसे भरू नका.

डिप्लोमा किंवा पदवी असलेल्या शिकाऊंची नोंदणी नॅट्स (राष्ट्रीय शिकाऊ प्रशिक्षण योजना) पोर्टलवर होते. मुंबईत त्याचे काम सायनच्या शिकाऊ प्रशिक्षण मंडळाकडे आहे.