लघवी कपड्यात होते म्हणून पाणी तोडू नका : घरच्या शुश्रूषेतल्या या चुका टाळा

आजी-आजोबांची लघवी कपड्यात व्हायला लागली की सोलापुरात बऱ्याच घरांतला पहिला उपाय ठरलेला असतो : पाणी कमी द्या. त्यामागची अडचण मला कळते. नळाला रोज पाणी येत नाही, आणि भिजलेली सोलापुरी चादर धुवायची म्हणजे पिळायलाच दोन माणसं लागतात. पण एप्रिल-मे महिन्यात इथं पारा चाळिशीच्या वर असतो. घामानं अंगातलं पाणी जातच असतं, त्यात पिणंही तोडलं की लघवी गडद आणि उग्र होते. ती मूत्राशयाला टोचते, मग उलट जास्तच वेळा लागते. शौचाला खडा होतो, त्याचा दाब पुन्हा मूत्राशयावर येतो. हृदय किंवा किडनीसाठी डॉक्टरांनी पाण्याचं माप ठरवून दिलं नसेल, तर दिवसभरात दीड ते दोन लिटर पाणी द्याच, उन्हाळ्यात थोडं जास्त. कमी करायचंच तर झोपण्याआधीच्या दोन तासांतलं पाणी आणि संध्याकाळनंतरचा चहा कमी करा. लघवी वाढवणारी गोळी रात्री चालू असेल, तर ती सकाळी देता येईल का हे डॉक्टरांना विचारा.

चादर वाचवायला गादीवर मेणकापड घाला आणि त्यावर जुन्या सुती लुगड्याची जाड घडी आडवी टाका, कमरेपासून मांड्यांपर्यंत. भिजली की तेवढीच घडी ओढून काढायची. मेणकापड उघड्या अंगाला लागू देऊ नका. उकाड्यात कातडी सोलवटते.

सर्वांत धोक्याची चूक

धोतर सारखं ओलं दिसतं म्हणून लघवी नीट होते आहे, असं समजू नका. प्रोस्टेट (पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी) वाढलेल्या किंवा जुना मधुमेह असलेल्या माणसाचं मूत्राशय कधीकधी रिकामंच होत नाही. ते तुडुंब भरतं आणि वरचं तेवढं थेंब थेंब गळत राहतं. बेंबीखाली हलक्या हातानं चाचपून पाहा. पोट गोल, टणक लागलं, दाबल्यावर कळ आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. अशा वेळी लघवी बाहेर काढायला मूत्राशयात नळी (कॅथेटर) घालणं गरजेचं असतं.

मात्र धुणं वाचावं एवढ्यासाठी नळी मागू नका. नळी जितके दिवस राहील तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढत जातो. त्याऐवजी दोन-तीन दिवस लघवी किती वाजता होते ते कागदावर लिहा आणि त्या वेळेच्या आधीच उठवा. अंदाज लागत नसेल तर दर दोन तासांनी. ‘लघवीला जायचंय का?’ असं विचारलं की संकोचानं ‘नको’ म्हणतात. ‘चला आजी, जाऊन येऊ’ म्हणा. कोरडं राहणं जमू लागलं की पंधरा-पंधरा मिनिटांनी वेळ वाढवा. संडास अंगणापलीकडे असेल तर रात्री खाटेजवळ भांडं आणि छोटा दिवा ठेवा. रागावू मात्र नका. रागावलेलं माणूस ओले कपडे लपवतं आणि पाणी प्यायचं आपणहून सोडतं.

नळी असेल तर

रिक्षात बसवताना लघवीची पिशवी पेशंटच्या मांडीवर ठेवलेली मी नेहमी बघते. पिशवी मूत्राशयाच्या वर गेली की साचलेली लघवी उलटी आत जाते. पिशवी कायम कमरेखाली ठेवा, पण जमिनीला टेकू देऊ नका. दोन-तृतीयांश भरली की हात धुऊन खालच्या तोंडातून रिकामी करा; नळी आणि पिशवीचा जोड सोडू नका. नळीच्या तोंडाशी रोज साबण-पाणी पुरतं, जंतुनाशक चोळायची गरज नाही. नळी मांडीला चिकटपट्टीनं बांधून ठेवा. आत पाण्यानं भरलेला फुगा असतो, हिसका बसला तर मूत्रमार्ग फाटून रक्त येतं. पिशवीत लघवी उतरत नसेल तर आधी नळी कुठं दुमडली आहे का ते बघा. नळी मोकळी असूनही उतरत नसेल, किंवा थंडी वाजून ताप, लघवीत रक्त, अचानक बरळणं यांपैकी काही दिसलं, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.

डायपर दोन-तीन तासांनी बघावाच लागतो. ‘रात्रभर टिकतो’ यावर विसंबू नका. बायकांना पुसताना पुढून मागे पुसा, कातडी टिपून कोरडी करा आणि झिंक ऑक्साईडचं मलम लावा. पावडर नको, तिच्या ओल्या गुठळ्या जांघेत घासतात.

विडी वळणाऱ्या बायकांसाठी

मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास बसायचं, उठायला लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही आणि लागली तरी दाबून धरायची, ही सवय आधी सोडा. दर तीन-चार तासांनी उठा. खोकताना, हंडा उचलताना लघवी सुटत असेल तर ते बाळंतपणांमुळे सैल पडलेल्या स्नायूंमुळे असू शकतं, आणि त्यावर इलाज आहे. वायू रोखताना जे स्नायू आवळतो तेच पाच सेकंद आवळा, दहा सेकंद सैल सोडा. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, आणि लघवी करताना मध्येच धार तोडून हा व्यायाम करायचा नाही. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. तेवढ्यात नाही पडला, किंवा अंग बाहेर येतंय असं वाटलं, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.